जीप दुरुस्त करायची, की नटवायची?

मागच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मी डबऱ्याजवळच्या एका खेड्यातून जुनी जीप विकत आणली. १९६७ सालची. तेव्हापासून आमच्या घरी पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तिच्याविषयी काही ना काही मत आहे. सौ.चे मत मी येथे देत नाही. बाकीची मते मात्र दोनच प्रकारची निघाली. पहिला प्रकार भाच्याचा : "मामा, हिला रुंद टायर टाका, पुढे विंच लावा, वर दिव्यांची रांग बसवा, मग बघा लोक कसे वळून पाहतात ते!" दुसरा प्रकार पुण्याहून आलेल्या मावसभावाचा. त्याने बोनेट उघडून आत डोकावले, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल देऊन टाकला, "ही ओरिजिनल नाही रे. इंजिन बदललेले आहे. हिला काही किंमत नाही."

मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. आणि का मान्य नाहीत ते जरा स्पष्ट शब्दांत सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच. ग्वाल्हेरच्या एका जीपची कथा बेळगाव-निपाणी, बिदर-भालकीकडच्या वाचकांनी का वाचावी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर असे की, जीप तुम्हाला नवीन नाही. तुमच्याकडे वडापच्या जीपांनी दोन पिढ्या बाजाराला नेल्या-आणल्या. आमच्याकडे तेच काम चंबळच्या बिहडात आणि भिंड-मुरैनेच्या कच्च्या वाटांवर झाले. शिवाय 'तुमचे मूळचे राहिलेले नाही' हे वाक्य तुम्ही-आम्ही केवळ गाडीच्या बाबतीत ऐकलेले नाही. त्याकडे पुढे येईनच.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. १९४७ साली महिंद्र कंपनीने अमेरिकेतल्या विलिस कंपनीच्या ७५ जीपा सुट्या भागांच्या रूपात मागवल्या आणि १९४९ पासून मुंबईत माझगावला त्यांची जोडणी होऊ लागली. पुढे १९५३ मध्ये विलिसने सीजे-थ्री-बी ही उंच बोनेटची जीप काढली. बोनेट उंच का? तर तिच्या हरिकेन इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बोनेट उचलावे लागले. शोभेसाठी नव्हे. अमेरिकेत ही जात १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतरही बरीच वर्षे रस्त्यावर येत राहिला. माझी जीप याच जातीची. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ८० इंच, दारे नाहीत, वर कापडी छत.

आमच्या लहानपणी जीप म्हटले की तीन माणसे डोळ्यांपुढे येत : बीडीओ, दरोगा आणि निवडणुकीचा उमेदवार. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि विकासखंडाच्या अधिकाऱ्याबरोबर जीप खेड्यात शिरली. चंबळच्या बिहडात पोलीस जीपनेच जात. एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर बागींनी शस्त्रे खाली ठेवली, त्या दिवसांच्या गोष्टी सांगताना आमच्याकडची वडीलधारी मंडळी अजून गाड्यांच्या धुळीपासून सुरुवात करतात. सांगायचे ते हे, की या गाडीला आमच्या मुलखात मान मिळाला तो कामामुळे. कोणी तिला सुंदर म्हटलेले मला आठवत नाही.

आणि जुन्या जीपा 'ठाकठीक करून' घेण्याच्या नादात आपला देश एकदा चांगलाच पोळला आहे, याचेही स्मरण असू द्यावे. स्वतंत्र भारताचे पहिले गाजलेले खरेदी-प्रकरण जीपांचेच होते. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी दोन हजार जुन्या, पण दुरुस्त करून मिळणाऱ्या लष्करी जीपांचा करार केला. आल्या १५५, आणि त्याही लष्कराला वापरण्याजोग्या वाटल्या नाहीत. संसदेत वादळ झाले आणि सरकारने १९५५ मध्ये प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. दोष कोणाचा, हा वाद इतिहासकारांवर सोडू. आपल्यासारख्या गिऱ्हाइकाने घेण्याजोगा धडा एवढाच, की जुन्या गाडीचे वरचे रूप पाहून आतले काही कळत नाही.

हा धडा मला ठाऊक असूनही मी शिकलो नाही. लिहायला लाज वाटते, पण दुसऱ्यांना चार शब्द सुनवायचे तर आधी आपले सांगावे.

जीप घरी आल्यावर मी पहिले काम कोणते केले असेल? रंग दिला. लष्करी हिरवा. बोनेटवर पांढरा तारा काढून घेतला; जणू माझे आजोबा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले होते! नवे कापडी छत शिवले, सीटांना रेक्झीन चढवले. बत्तीस हजार रुपये गेले. ब्रेक थोडे 'नरम' लागत होते. म्हटले, बघू नंतर. आणि एका रविवारी सात वर्षांच्या नातवाला शेजारी बसवून किल्ल्यावर गेलो. ज्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला पाहिला आहे त्यांना उरवाई दरवाज्याचा रस्ता आठवेल : एका अंगाला खडकात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आणि खाली उतरणारी अरुंद, वळणावळणाची वाट. वर गेलो झोकात. उतरताना दुसऱ्या वळणावर ब्रेकचे पेडल दाबले, ते सरळ तळाला गेले. पुन्हा दाबले. पुन्हा तळाला.

जुन्या जीपच्या चारही चाकांचे ब्रेक तेलाच्या एकाच जाळ्यावर चालतात. नळी कुठेही फुटली, एका चाकाच्या सिलिंडरमधले रबर गेले, की चारही चाके एकदम मोकळी. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत हे रबर सुकून तडकते आणि ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून नळीला आतून गंजवते. बाहेरून कसलीही खूण दिसत नाही. आम्ही वाचलो ते दोन गोष्टींमुळे. एक, गाडी खालच्या गिअरमध्ये होती. दुसरी, हिचा हँडब्रेक चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते, तिच्या मागच्या तोंडाशी प्रोपेलर शाफ्टवर एक लहानसा ड्रम असतो आणि तो तारेने आवळला जातो. तेलाशी त्याचा संबंध नाही. तो मी दोन्ही हातांनी ओढला. जीप खडकाच्या कडेला घासत, करकरत थांबली. नव्या रंगाची एक पट्टी तीर्थंकरांच्या पायथ्याशी राहिली. नातू म्हणाला, "आजोबा, पुन्हा!" त्याला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी दोरीने ओढत जीप हजिऱ्याच्या एका मिस्त्रीकडे नेली. वय सत्तरीकडे झुकलेले, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. त्यांनी ताऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "रंग तो बाद में भी हो जाता, भाईसाब. पहले ये रुकती तो सही."

पुढचे अडीच महिने मी त्यांच्या गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसलो. त्यांनी कामाचा जो क्रम लावला, तो मी येथे मुद्दाम देतो. कारण तुमच्यापैकी कोणाच्या वाड्यात, शेतावर किंवा गोठ्याच्या आडोशाला अशी जीप उभी असेल, तर उपयोगी पडेल.

पहिल्याने ब्रेक. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, सगळ्या नळ्या. 'चालते आहे' म्हणून जुनी एकही नळी ठेवली नाही. मग स्टिअरिंग. माझ्या जीपचे चाक मूठभर फिरवले तरी गाडी सरळच जाई. लोक त्याला 'जुन्या जीपची खोड' म्हणतात. उस्तादांच्या मते ती खोड नव्हे, झीज : स्टिअरिंग बॉक्स, सांधे, आणि पुढच्या चाकांच्या किंगपिनचे बेअरिंग. मग टायर. टायरवर नक्षी किती शिल्लक आहे ते सगळे पाहतात. जन्मतारीख कोणी पाहत नाही. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझे टायर दिसायला गुटगुटीत आणि वयाने सतरा वर्षांचे होते. त्यानंतर वायरिंग आणि डिझेलच्या नळ्या, कारण आग लागते ती तिथून. मग रेडिएटर. मग गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे तेल काढून बोटांवर चोळून पाहणे. त्यात चकाकता चुरा दिसला तर दात झिजताहेत असे समजावे. मग पाटे आणि त्यांचे बुश. मग तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे. इंजिन यानंतर, आणि रंग सर्वांत शेवटी.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. या जीपला मधले डिफरन्शियल नाही. म्हणून चारही चाकांची जोडणी चिखलात, वाळूत करावी, कोरड्या डांबरी रस्त्यावर नाही. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत; चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर तो ताण शाफ्टवर आणि दातांवर बसतो. चौकात ऐट दाखवायला फोर-व्हील लावणारे किती गिअर खाऊन बसले असतील, देव जाणे.

आता भाच्याकडे वळतो.

जुनी जीप 'मॉडिफाय' करणे हा आता मोठा धंदा आहे. हरियाणातली मंडी डबवाली त्यासाठी नाव कमावून आहे, आणि आमच्याकडची तरुण पोरे तिथली चित्रे मोबाइलवर पाहून वेडी होतात. मला त्या कारागिरांच्या हाताविषयी शंका नाही. गिऱ्हाइकाच्या मागणीविषयी आहे. रुंद-उंच टायर टाकला की चाकाचा घेर वाढतो आणि तेवढ्याच ब्रेकला जास्त ताकदीचे चाक थांबवावे लागते. बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर भार वाढतो. गाडी उचलून घेतली की शाफ्टचा कोन बिघडतो आणि क्रॉस दर दोन महिन्यांनी मागतो. आणि ८० इंचांच्या आखूड गाडीचा तोल वर नेला की ती वळणावर आडवी व्हायला निमित्तच शोधत असते. हे सगळे कशासाठी? तर सिटी सेंटरपासून महाराज बाड्यापर्यंत जाऊन आइस्क्रीम खाण्यासाठी! ज्या गाडीने बिहड पाहिले, तिला विंच लावून बाजारात फिरवायची, हा तिचा सन्मान आहे की सोंग?

कायदाही त्यांच्या बाजूचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कारखान्याने ठरवलेल्या मूळ घडणीशी विसंगत फेरफार गाडीत करता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. भाच्याला मी हे सांगितले, तर तो म्हणतो, "मामा, कोण बघतो?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, उरवाईचा उतार मात्र आहे.

येथवर वाचून माझा मावसभाऊ खूश होईल. त्याने होऊ नये. माझे खरे भांडण त्याच्याशीच आहे.

त्याचे म्हणणे असे, की जीप 'मूळ रूपात' असेल तरच तिला अर्थ, नाहीतर भंगार. सरकारचेही जवळपास हेच म्हणणे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम काढले. वाहन ५० वर्षांपेक्षा जुने हवे, मूळ रूपात राखलेले हवे, आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशा वाहनाला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते. पहिली नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांची, पुढची ५,०००. पण ते रोज रस्त्यावर आणायचे नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच.

माझी जीप या व्याख्येत बसत नाही. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव चढले, तेव्हा आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी जीपांची पेट्रोल इंजिने उतरवून ट्रॅक्टरची डिझेल इंजिने बसवली. माझ्या जीपच्या मालकानेही बसवले, आणि नोंदणीपुस्तकात रीतसर चढवून घेतले. त्यानंतर चाळीसएक वर्षे तिने ऊस, गहू, बाळंतिणी आणि वऱ्हाडे वाहिली. ताशी पन्नासच्या वर ती जात नाही आणि तिच्या आवाजात बोलणे अशक्य आहे. तरी ती चालत राहिली, म्हणून शिल्लक राहिली. इंजिन न बदललेल्या तिच्या किती बहिणी आज आहेत? बहुतेक वितळून सळया झाल्या.

म्हणजे न्याय कसा, पाहा. जी जीप कपड्याखाली झाकून ठेवली, ती वारसा. जी राबली, ती नुसती जुनी गाडी. आणि नुसत्या जुन्या गाडीचे काय? १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. त्याची फी मोटारींसाठी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी १०,००० केली. प्रदर्शनातल्या जीपच्या फेरनोंदणीला पाच हजार, आणि शेतावरच्या जीपला पाच वर्षांना दहा हजार. दुसरीकडे, १९०५ पासून भरणाऱ्या आमच्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात अलीकडे कित्येक वर्षी नव्या वाहनांवरच्या पथकरात ५० टक्के सूट दिली गेली. जनावरांच्या बाजारासाठी सुरू झालेला मेळा मोटारींचा झाला, त्याची तक्रार नाही. पण नवे घेणाऱ्याला सूट आणि जुने नीट राखणाऱ्याला दुप्पट फी, हे धोरण कोणत्या शहाणपणातून निघाले?

धुराचे उत्तर मला ठाऊक आहे. जुनी इंजिने धूर ओकतात, जुने ब्रेक दगा देतात. दोन्ही खरे, दुसरे तर मी नातवाला घेऊन अनुभवले आहे. पण मग धूर मोजा, ब्रेक तपासा. नापास झाली तर खुशाल उभी करा. मी स्वतः किल्ली देईन. जन्माचे इंजिन आहे की नाही हे पाहून धूर कमी होत नाही. आणि वर्षातून दोनदा रॅलीला जाणाऱ्या गाडीचा ब्रेकही उतारावर तेवढाच लागतो.

आता 'मूळ' या शब्दाकडेच वळू. जीपचे मूळ शोधायला जाल तर हाती काय लागते? १९४० साली पहिला नमुना बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने अमेरिकी लष्कराला दिला. इंजिन विलिसचे सरस ठरले, म्हणून घडण विलिसची घेतली. एका कंपनीला मागणी पुरवता येईना, म्हणून फोर्डलाही त्याच बरहुकूम जीपा करायला सांगितले. पुढची पत्र्याची दाबीव जाळी, जी आज जीपची ओळख समजली जाते, ती फोर्डची. आणि विलिसने ती नंतर उचलली. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकींना बसले पाहिजेत, ही लष्कराची अटच होती. का? तर मैदानावर एक गाडी मोडली की दुसऱ्या मोडक्या गाडीचा भाग काढून ती उभी करता यावी. म्हणजे ज्या गाडीची जातच दुसऱ्याचा भाग लावून चालण्यासाठी घडली, तिला हे पंडित विचारतात, 'तुझा भाग मूळचा आहे काय?'

आमच्या गावात याचे आणखी एक उदाहरण डोळ्यांसमोर घडले. शिंद्यांनी बांधलेली ग्वाल्हेर-श्योपूर ही दोन फुटी रुळांची रेल्वे शंभर वर्षांहून अधिक काळ माणसे वाहत होती. जवळजवळ दोनशे किलोमीटर. तिच्या टपावर बसून माणसे जात, डबे फुटके, वेग सायकलचा. तेव्हा तिला कोणी वारसा म्हटले नाही. 'छोटी लाइन' म्हणून हिणवलेच. मार्च २०२० मध्ये ती थांबली ती थांबलीच, मोठ्या रुळांचे काम आले, आणि लगेच सगळ्यांना तिच्या आठवणींचे कढ यायला लागले. मोठी गाडी हवीच होती; श्योपूरच्या माणसाने आमच्या हौसेसाठी टपावर का बसावे? माझा आक्षेप वेगळा आहे. चालत्या वस्तूची हेळसांड आणि बंद पडलेल्या वस्तूची पूजा, ही आपली रीत झाली आहे.

आणि आता तो दुसरा विषय. जीप 'ओरिजिनल नाही' म्हणाल्यावर माझा मावसभाऊ चहाला बसला. सौ. सहज म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला मालूमच आहे यांचा स्वभाव." तो हसला आणि म्हणाला, "वहिनी, तुमची मराठीसुद्धा जीपसारखीच झाली हो." प्रेमाने म्हणाला, आमचे नाते तसे आहे. सौ.ही हसली. पण रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "दोनशे वर्षं झाली इथे येऊन. अजून आपण परीक्षाच देतो आहोत."

तुमच्याकडे 'मालूम'च्या जागी एखादा कानडी हेल असेल; अनुभव तोच. आम्ही घरात मराठी बोललो, बाजारात हिंदी बोललो, मिस्त्रीशी तिसरीच काही भाषा बोललो आणि तरीही मराठी टिकवली. १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले, ते ऐकायला आमच्या घरांतली माणसे गेली, ती हीच मराठी बोलणारी. दरवाजा फारसी, बटाटा पोर्तुगीज, अण्णा आणि अक्का कानडी. हे भाग पुण्याच्या मराठीला बसले तर ते मूळचे, आणि आमच्या मराठीला एखादा हिंदी भाग बसला तर इंजिन बदलले! मी असे म्हणत नाही की काहीही चालते. आमची नातवंडे मराठीत सुरुवात करून वाक्य हिंदीत आणि शेवट इंग्रजीत करतात, तेव्हा माझाही ब्रेक तळाला जातो. पण त्याचा उपाय दुरुस्ती आहे. हिणवल्याने दोनच गोष्टी होतात : पोरे बोलायची थांबतात, किंवा समारंभापुरती नटवी मराठी पाठ करतात.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. जुन्या वस्तूची कसोटी तिचे काम. नवा भाग लावला तो तिला चालती ठेवण्यासाठी लावला काय, आणि उद्या दुसऱ्या मिस्त्रीला तो उलगडून नीट करता येईल काय, एवढे विचारावे. ट्रॅक्टरचे इंजिन या कसोटीला उतरते. दिव्यांची रांग उतरत नाही. माझा पांढरा तारा तर मुळीच नाही. तो मी खरवडून काढला आहे.

संग्रहालयांना माझा विरोध नाही. कारखान्यातून निघाली तशी एखादी जीप कुठेतरी जपलेली असावीच. नाहीतर आम्हाला ताडून कशाशी पाहायचे? पण एक जपण्यासाठी शंभर चालत्या गाड्यांना कमअस्सल ठरवू नये. सरकारने 'व्हिंटेज'च्या जोडीला जुन्या पण वापरातल्या वाहनांचा एक वर्ग करावा. दरवर्षी ब्रेक, स्टिअरिंग आणि धुराची कडक परीक्षा घ्यावी, फी वाजवी ठेवावी, आणि दुरुस्त्यांची नोंद मागावी. आपणही आपल्या बाजूने काही करावे. मी एक वही घातली आहे. कोणता भाग कधी काढला, कोणता लावला, कोणत्या लेथवर बनवून घेतला, सगळे तारीखवार. काढलेला जुना भाग फेकत नाही. चिठ्ठी बांधून पेटीत ठेवतो.

सर्वांत निकडीचे काम मात्र मिस्त्रींचे आहे. उस्तादांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो. त्यांच्याकडे एकही चेला नाही. तेल बोटांवर चोळून गिअरचे दुखणे सांगणारी ही माणसे गेली, की तुमची 'ओरिजिनल' आणि माझी दुरुस्त, दोन्ही जीपा शोभेच्याच होतील. तुमच्या तालुक्याच्या गावी, मिरज-हुबळीच्या रस्त्यावर, असा एखादा म्हातारा मिस्त्री अजून बसत असेल. त्याच्याकडे जा. जीप नसली तर स्कूटर घेऊन जा. त्याच्या शेजारी स्टूल टाका आणि तो काय म्हणतो ते लिहून घ्या; मराठीत, कानडीत, जसे येईल तसे.

भाच्याला मी गेल्या महिन्यात ब्रेकचे सिलिंडर खोलायला बसवले. दोन तास हात काळे केल्यावर त्याने विंचचे नाव काढले नाही. मावसभाऊ दिवाळीला येतो आहे. त्याला त्याच जीपमधून उरवाईच्या रस्त्याने किल्ल्यावर नेणार आहे, आणि उतरताना ब्रेक स्वतः दाबून पाहायला सांगणार आहे. मग त्याने ओरिजिनलविषयी काय ते बोलावे.